चालू करताना शेवटी, बंद करताना आधी

माझ्या स्टुडिओत एकच कायदा होता. चालू करताना स्पीकर शेवटी, बंद करताना स्पीकर आधी. बाकी तुम्ही चपला घालून या, वेफर्स खा, बेसूर गा, माझं काही म्हणणं नाही. पण स्पीकर चालू असताना कुणी मिक्सरचं नाहीतर कॉम्प्युटरचं बटण दाबलं की मी देवळातसुद्धा शिवी घातली असती. कारण साधं आहे. मागचं कुठलंही यंत्र चालू-बंद होताना एक झटका देतं. स्पीकर बंद असला तर तो कुणाला कळतही नाही. चालू असला तर 'धाड' करून बाहेर पडतो, आणि त्यात स्पीकरच्या वरचा छोटा भोंगा, ज्याला आम्ही ट्वीटर म्हणतो, तो मरू शकतो. ट्वीटर मेला की झांजा गेल्या, टाळ गेले, बाईच्या आवाजातला 'स' गेला. राहतं ते गोधडीखालून आल्यासारखं गाणं.

स्टुडिओ म्हणजे तरी काय! ठाकुर्लीला स्टेशनपासून दहा मिनिटांवर तिसऱ्या मजल्यावरचा आमचा फ्लॅट, त्यातली मागची खोली. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, खिडकी कायमची बंद. पण आसपासच्या गावांतली हळदीची गाणी, भजनं, आरत्या, सगळं त्या खोलीत व्हायचं. लग्नसराईत मला जेवायला फुरसत नसायची. ते दोन स्पीकर मी लग्नाआधी घेतलेले. बायको म्हणायची, "माझ्या दोन सवती आहेत त्या. त्यांच्यावरची धूळ स्वतः पुसता, माझ्या कपाळावरचा घाम कधी पुसलात?" मी म्हणायचो, "तू कुठं त्यांच्यासारखी खरं बोलतेस!" ते दोन स्पीकर आणि माझे दोन कान, या चार गोष्टींवर आमचं घर चालायचं. त्यांतलं एक जरी गेलं तरी मी रस्त्यावर, हे मला पक्कं ठाऊक होतं.

त्या काळात आमच्याकडे रोज लोडशेडिंग. वेळापत्रक असायचं, पण ते पाळायचं की नाही हे लाइटच्या मर्जीवर. वेळेवर जाणार असली तर मी पाच मिनिटं आधी हात थांबवायचो, आधी स्पीकर, मग बाकीचं. अचानक गेली तर धडपडत जाऊन पहिला हात स्पीकरच्या पाठीमागं. नाहीतर लाइट परत आली की सगळी यंत्रं एकदम जागी होणार आणि धाडकन झटका बसणार. सात वर्षं मी ते स्पीकर असे जपले.

बाबा आमच्यासोबत राहायचे. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. बाबा कोलशेतच्या एका कंपनीतून रिटायर झालेले, आणि तिथं त्यांचं कामच ते होतं. शिफ्ट संपली की सगळ्या शेडमधून फिरायचं, कुठं काय चालू राहिलंय ते बघायचं आणि बंद करायचं. तीस वर्षं हेच केलं त्यांनी. रिटायर झाले तरी शिफ्ट काही संपली नाही. आमच्या घरात माणूस खुर्चीतून अर्धा उठला की पंखा बंद व्हायचा. बायको बाथरूममध्ये असताना दिवा जायचा आणि आतून ओरडा यायचा, "अहो बाबा, मी आत आहे!" बाबा शांतपणे म्हणायचे, "अगं, मग काहीतरी आवाज कर. गाणं तरी म्हण." आम्ही हसायचो. स्टुडिओचा कायदा मात्र त्यांना पाठ होता. मी तो पुठ्ठ्यावर लिहून दाराला लावलेला, आणि नवीन गिऱ्हाईक आलं की बाबाच त्याला तो मोठ्यानं वाचून दाखवायचे.

त्या एप्रिलमध्ये जवळच्याच गावातला एक गाणारा माझ्याकडे हळदीची सहा गाणी करत होता. स्वतः लिहायचा, स्वतः गायचा, आवाज असा की भिंतीच्या गाद्या हलतील. लग्नाच्या तिथी तोंडावर आलेल्या, त्याला सीडी लवकर हवी होती. दुपारी उकाड्यानं जीव नकोसा झाला म्हणून आम्ही दोघं चहाला खाली गेलो. खोलीत सगळं चालू. पाच मिनिटांचा तर प्रश्न होता, कशाला बंद करायचं! ही माझी चूक. आज लिहिताना सगळ्यात आधी ही लिहिली पाहिजे, कारण तेव्हा ती मी कबूल केली नाही.

आम्ही परत जिना चढत होतो, पहिल्या मजल्यावर असू, तेवढ्यात वरून 'धाड' असा आवाज आला. आणि दोन श्वासांवर पुन्हा 'धाड'.

मी तीन-तीन पायऱ्या घेत वर गेलो. बाबा त्या खोलीच्या दारात उभे, हात अजून बोर्डावर. रिकाम्या खोलीत दहा लाल दिवे जळताना दिसले आणि त्यांच्या हाताला आयुष्यभराची सवय. सगळ्या खोलीचं जे मोठं बटण होतं, तेच त्यांनी बंद केलं. मग कायदा आठवला, घाबरले, आणि चूक सुधारायची म्हणून तेच बटण परत चालू केलं. म्हणजे एक झटका जाताना आणि एक येताना.

"अक्कल गहाण टाकलीय का?" मी परक्या माणसासमोर, जिन्यात शेजारी उभे असताना, बापावर ओरडलो. "दारावर लिहिलंय ते लोकांना वाचून दाखवता ना? माझ्या पोटावर पाय आणलात तुम्ही! आजपासून या घरातल्या एकाही बटणाला हात लावायचा नाही. कळलं?"

तो गाणारा मला मागं ओढत म्हणाला, "जाव दे ना दादा, म्हातारा मानूस हाय."  बाबांनी हात बोर्डावरून काढून तो सदऱ्याला पुसला.

त्या संध्याकाळी मी स्पीकर लावून बघितले तर दोन्ही ठीक वाटले. वाटले काय, ठीकच होते. पण माझा राग निवायला तयार नव्हता. आता नाही तर उद्या मरेल, धक्का बसलेला ट्वीटर कधीकधी सावकाश मरतो, असं मी बायकोला सांगितलं. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी खोलीत जाऊन बसलो, गाणं लावलं, तर उजवीकडची झांज गायब. डावीकडून खणखणीत, उजवीकडून कोंदट. मी खुर्चीत तसाच बसून राहिलो. मग बाहेर आलो आणि बाबांना म्हणालो, "मेला एकदाचा उजवा. झालं समाधान?"

कुठल्याही नवशिक्याला मी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं की अरे बाबा, आधी दोन्ही स्पीकरच्या वायरी उलटसुलट करून बघ, दोष नेमका कुठं आहे ते कळेल. दोन मिनिटांचं काम. मी केलं नाही. का नाही केलं? कारण मला खात्री होती. मी धाड ऐकलेला, बाबांचा हात बोर्डावर बघितलेला. आणखी कसली परीक्षा घ्यायची? आणि खरं सांगायचं तर दोष दुसरीकडं कुठं निघावा असं मला वाटतच नव्हतं.

कल्याणला स्पीकर दुरुस्त करणारा एक कारागीर होता, मी त्याच्याशिवाय कुणाला हात लावू देत नसे. तो नेमका पुतण्याच्या लग्नाला गावी गेलेला. आल्यावर म्हणाला, या बनावटीचा ट्वीटर मागवावा लागेल, वेळ लागेल. तोवर मी उजव्या स्पीकरच्या पाठीमागचं बटण फिरवून त्याचा वरचा आवाज वाढवला, तेवढ्यानं भागेना म्हणून गाण्यातही उजवीकडची झांज चढवली, आणि तसंच काम रेटत राहिलो. थांबणार कसा? हातात सहा गाणी होती. शिवाय एक बारीक 'कुईं' अशी शीळ कायम ऐकू यायला लागली. मी म्हणालो, अर्थिंग बिघडलं. वायरी बदलल्या, प्लग घासले, जमिनीवर पालथा पडून तासन्‌तास खुडबूड केली. ती शीळ मला बाथरूममध्येही ऐकू यायची. बाथरूममध्ये कुठला आलाय स्पीकर! तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

सीडी गेली आणि चार दिवसांत तो गाणारा परत दारात. बिचारा भला माणूस, चप्पल काढता काढता म्हणाला, "दादा, राग मानू नको. गारीन लावलं तं उजव्या बाजूला कानान टाचन्या टोचतान." मी त्याला म्हणालो, तुझ्या गाडीचे स्पीकर भंगार आहेत. दुसऱ्या एका भजनी मंडळानं तेच सांगितलं, त्यांना म्हणालो तुमची झांज फुटकी आहे. गाणारा आपली गाणी घेऊन दुसरीकडं गेला, मंडळ गेलं, आणि हळूहळू फोन वाजायचाच थांबला. ऐन लग्नसराईत मी त्या खोलीत एकटा बसून राहायला लागलो.   एकच विचार डोक्यात, ट्वीटर येऊ दे, एकदाचा ट्वीटर येऊ दे, मग सगळं पूर्वीसारखं होईल.

बायको एकदा जेवताना म्हणाली, "सगळ्यांचंच चुकतंय आणि तुमचं एकट्याचं बरोबर? नाचता येईना अंगण वाकडं, अशी गत झालीय." मी ताट सरकवून उठलो. तिच्याशी दोन दिवस बोललो नाही.

आणि बाबा. बाबांनी माझा शब्द पाळला. पंखा लावायचा असला तर बायकोला विचारायचे, "लावतेस का गं जरा?" एकदा मी संध्याकाळी बाहेरून आलो तर बायको अजून बाजारातून आलेली नव्हती आणि बाबा काळोखात बसलेले. दिवेलागण होऊन गेलेली, खाली रस्त्यावरचे दिवेसुद्धा लागलेले, आणि हा माणूस खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसलेला. मी दिवा लावला.  खोटं कशाला लिहू, मला बरं वाटलं. भोगू दे, असं मनात आलं. माझा बाप होता तो, आणि माझ्या मनात असं आलं.

पाच आठवड्यांनी कारागीर नवीन ट्वीटर घेऊन घरी आला. मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही, थेट खोलीत नेलं. त्यानं उजवा स्पीकर उघडला, जुना ट्वीटर काढला, उजेडात फिरवून बघितला, मीटर लावला. मग माझ्याकडं बघून म्हणाला, "साहेब, हा तर चांगला आहे."

"काही चांगलाबिंगला नाही. बदल."

त्यानं निमूटपणे बदलला, मी फिरवलेलं पाठीमागचं बटणही जागेवर आणलं. गाणं लावलं. उजवीकडून तेच कोंदट. मी म्हणालो, "हाही खराब आणलास." तो उठला, दोन्ही स्पीकर उचलून त्यांच्या जागा बदलल्या, उजवा डावीकडं, डावा उजवीकडं, आणि पुन्हा गाणं लावलं. आता कोंदट आवाज डावीकडून यायला हवा होता. तो उजवीकडूनच आला. नवा नाही, जुना नाही, जो कुठला स्पीकर उजवीकडं ठेवाल तो कोंदट. कारागीर मधल्या खुर्चीत बसला, डोळे मिटून पूर्ण गाणं ऐकलं आणि अगदी हळू म्हणाला, "दोन्ही सारखे वाजतायत, साहेब."

मी डाव्या कानात बोट घातलं.

झांजा नव्हत्या. टाळ नव्हते. गाणारा तोंडात रुमाल कोंबल्यासारखा गात होता, आणि त्याच्यावर ती कुईं, स्वच्छ, बारीक, माझ्याच डोक्यातली. मी बोट काढलं, पुन्हा घातलं. असं किती वेळा केलं आठवत नाही. कारागिरानं गाणं बंद केलं. आधी स्पीकर, मग बाकीचं, बरोबर क्रमानं. मला ते बघून रडू आलं. मी त्याच्यासमोर रडलो.

दुसऱ्या दिवशी बायकोनं मला धरून ठाण्याला नेलं, नौपाड्यात कानाच्या डॉक्टरीणबाईंकडं. एका बंद पेटीसारख्या खोलीत बसवून कानावर हेडफोन दिले. पीप ऐकू आलं की बोट वर करायचं. डाव्या कानाला माझं बोट सारखं वर. मग उजवा. मी बसलोय, बसलोय, काचेपलीकडं ती मुलगी बटणं फिरवतेय, आणि माझं बोट मांडीवरच. मला वाटलं यंत्र बिघडलंय. देवा शपथ, तिथंही मला वाटलं की यंत्र बिघडलंय!

डॉक्टरीणबाईंनी कागद बघितला. "कधीपासून आहे हे?"

"पाच आठवडे."

"अहो, कान अचानक गेला आणि पाच आठवडे तुम्ही काय करत होतात?"

मी म्हणालो, "स्पीकर दुरुस्त करत होतो."

त्यांचं लिहिणं थांबलं. मग त्यांनी समजावून सांगितलं, आवाज न चढवता, म्हणूनच ते जास्त लागलं. असा एकाएकी एका बाजूचा कान जातो कधीकधी, बऱ्याचदा कारण सापडत नाही. पण पहिल्या काही दिवसांत माणूस आला तर औषधांनी पुष्कळदा परत आणता येतो. उशीर झाला की अवघड. "औषध देते मी, पण फार आशा धरू नका." बायकोनं त्या 'धाड'बद्दल सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, तेव्हा तुम्ही कुठं होतात? मी म्हणालो, पहिल्या मजल्यावर, जिन्यात. "दोन मजले खाली? छे. त्यानं कान जात नाही. खोलीत कोण होतं?"

"वडील."

"त्यांचे कान ठीक आहेत ना?"

मला माहीत नव्हतं. पाच आठवड्यांत मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं.

घरी आलो तर बाबा दारातच उभे. बायको आत गेली. मी बाबांना हाताला धरून खुर्चीत बसवलं आणि समोर खाली बसलो. म्हणालो, "बाबा, स्पीकरला काही झालेलं नव्हतं. तुमच्यामुळं काही बिघडलेलं नाही. माझाच कान गेलाय, उजवा. तुमचा काही संबंध नाही." पायच धरले मी त्यांचे. "मी नाही नाही ते बोललो. मला माफ करा."

बाबांनी माझे हात पायांवरून काढले. मग म्हणाले, "अरे, मी म्हटलं होतं तुला, माझं चुकलं म्हणून. जेवताना. दोनदा म्हटलं. तू मान वर करूनसुद्धा बघितलं नाहीस."

जेवायला ते माझ्या उजवीकडं बसायचे. वर पंखा असायचा. मी पाच आठवडे मनात धरून बसलेलो की म्हातारा इतका हेकट, साधं चुकलं म्हणत नाही. मला ते ऐकूच आलं नव्हतं, हे मी त्यांना सांगितलं. मला वाटलं आता ते हसतील, निदान सुटल्यासारखं वाटेल त्यांना. पण बाबांचा चेहरा पांढरा पडला. माझ्या उजव्या कानाला त्यांनी हात लावला आणि म्हणाले, "म्हणजे माझ्या त्या आवाजानं स्पीकर नाही, तुझा कान फुटला."

"नाही हो बाबा! मी जिन्यात होतो. डॉक्टर म्हणाल्या, त्यानं होत नाही."

"तिसऱ्या दिवशी झालं ना? धक्का बसला की सावकाश मरतं म्हणालेलास तू."

मी म्हणालो, ते ट्वीटरबद्दल होतं. मी म्हणालो, ते सगळं खोटं होतं, रागाच्या भरात. त्यांनी माझ्या कानावरचा हात काढला नाही.

कान परत आला नाही. स्टुडिओ मी आणखी वर्षभर रेटला, एका कानावर कसं मिक्स करणार? गाणं करताना डावं-उजवं माप लागतं, माझं एक पारडंच तुटलेलं. शेवटी स्पीकर विकले आणि नोकरी धरली. त्याचं दुःख आता बोथट झालंय. पण बाबांचं तसं झालं नाही. मी त्यांना एकदा मुद्दाम नौपाड्याला घेऊन गेलो. डॉक्टरीणबाईंनी त्यांना अर्धा तास समजावलं, चित्र काढून दाखवलं, त्यांचे कान तपासून ते चांगले आहेत हेही सांगितलं. बाबा हो हो म्हणत राहिले, त्यांना वाकून नमस्कार केला. खाली येऊन रिक्षात बसल्यावर म्हणाले, "बाई फार चांगली आहे. तुझ्या बापाला बरं वाटावं म्हणून किती बोलली."

पुढं घरी कुणीही आलं, दूधवाला असो की व्याही, माझ्याशी बोलताना त्याला दोनदा बोलावं लागलं की बाबा आतून यायचे आणि सांगायचे, "डावीकडून बोला. उजवा माझ्यामुळं गेलाय." मी दर वेळी म्हणायचो, नाही बाबा, तसं नाही. चिडून सांगितलं, हात जोडून सांगितलं, त्यांच्या शेवटच्या आजारपणात उशाशी बसूनही सांगितलं. पाच आठवडे घसा फोडून मी जे त्यांच्या गळी उतरवलं होतं, ते नंतर नऊ वर्षं मला बाहेर काढता आलं नाही. बाबा गेले ते हे ओझं घेऊन गेले. ओझं माझं होतं.